ऑक्टोबरवाल्यांना झेंडू द्या म्हणे!

चिडका_बिब्बा: सोसायटीच्या ग्रुपवर एकीनं तक्ता टाकलाय. जानेवारीला कार्नेशन, मार्चला डॅफोडिल, जूनला गुलाब, ऑक्टोबरला झेंडू. 'जन्ममहिन्याचं फूल द्या, भावना आपोआप पोचतात.' माझा वाढदिवस ऑक्टोबरातला. दसऱ्याला आमच्याकडे स्कूटरला झेंडू, मिक्सरला झेंडू, शिलाई मशीनला झेंडू. त्यातलाच गुच्छ मला दिलात तर भावना काय पोचणार, मिक्सरच्या रांगेत बसवल्याची? आणि मार्चात इथे पळस फुलतो. द्या बघू कुणाला पळसाची फांदी!

मुक्ताआजी: टिंगल करायला काय जातंय? मार्चात लेकीकडे लीड्सला होते. वाढदिवसाला नातवानं डॅफोडिलची जुडी आणली, नुसत्या हिरव्या कळ्या. मी मनात म्हटलं, पोरानं कांद्याची पात आणली. सकाळी उठून बघते तर सगळी पिवळीधमक. रडूच आलं मला.

शंकेखोर: नातवाचं कौतुकच आहे आजी, पण त्यात तक्त्याचं काय? फुलांच्या अर्थांचं वेड पसरवलं ते 1819 साली पॅरिसात निघालेल्या शार्लोट द लातूर यांच्या पुस्तकानं. (आडनाव लातूरचं वाटलं तरी आपला संबंध नाही, शिवाय ते टोपणनाव.) फ्रेंचमध्ये त्या युरोपी झेंडूचं नाव 'सूसी', आणि सूसी म्हणजे काळजी, चिंता. तोही कॅलेंड्युला, म्हणजे वेगळंच झाड. आपला हाराचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, तिकडे तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांसाठी मांडतात. द्या आता वाढदिवसाला!

मावळातला_गडी: मेक्सिको राहू द्या. दारावरचं तोरण खरं की प्लास्टिकचं, ते सांगा. गेल्या दसऱ्याला मी 40 क्रेट मार्केटला नेले. सकाळी बरा भाव होता, दुपारनंतर कुणी हात लावेना. निम्मा माल तिथंच ओतला, टेम्पोचं भाडं खिशातून दिलं.

चिडका_बिब्बा: धागा वाढदिवसाचा आहे, दादा.

दादरकर: आणि पाणी मारून वजन वाढवता त्याचं काय? किलो म्हणून घेतलेला झेंडू घरी येईपर्यंत पिशवीत काळा पडलेला. म्हणून आम्ही प्लास्टिकवर गेलो.

मावळातला_गडी: पाणी आम्ही मारतो होय? या एकदा रात्री दोनला तोडणीला, बॅटरी डोक्याला बांधून. मग बोला.

दादरकर: आवाज खाली! पैसे मोजतो आम्ही.

मुक्ताआजी: भांडू नका रे. माझं तोरणही प्लास्टिकचंच आहे, दर दिवाळीला धुऊन लावते. कबूल करते, झालं?

मावळातला_गडी: धुऊन लावता. वा. उपकार झाले.

चिडका_बिब्बा: बरं बाबा, यंदा तोरण खऱ्या झेंडूचं लावते. गुच्छ मात्र आणाल तर दारातून परत पाठवीन. आणि शंकेखोर, तक्ता अगदीच टाकाऊ नाही हं. डिसेंबरला होली नावाचं विलायती झुडूप दिलंय, पानोपानी काटे. माझ्या जावेचा वाढदिवस 12 डिसेंबरला असतो. कुठे मिळेल?