१८८१चा फॅक्टरी कायदा : मजुरांची कणव की मँचेस्टरचा डाव?

काळाचौकीकर : इंग्रज सरकारने कायदा आणून मुंबईच्या गिरणी कामगारांवर उपकार केले, असं सर्रास ऐकू येतं. कसले उपकार? इथल्या गिरण्यांचा माल लँकेशायरला, म्हणजे इंग्लंडातल्या मँचेस्टरकडच्या कापडगिरण्यांना, जड जायला लागला, तेव्हाच तिकडच्या मालकांना इकडच्या पोरांचा कळवळा आला. आणि पदरात पडलं काय? ७ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ तास काम, महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्यांच्या तासांबद्दल अवाक्षर नाही.

धोटा : पोटात पाप होतं, मान्य. पण सोराबजी शापूरजी बंगाली काय मँचेस्टरचे होते? मुंबईचाच माणूस, कायदा व्हावा म्हणून १८७८पासून मागे लागला होता. 'देशी धंदा बुडेल' ही ओरड कोणाची होती, तेही बघा. शेठजींची!

काळाचौकीकर : एकटे सोराबजी म्हणजे सरकार नव्हे. रविवारची सुट्टीसुद्धा आधी गिरणीमालकांच्या संघानेच कबूल केली, १० जून १८९० रोजी. कायद्यात ती आली १८९१ला.

धोटा : कबूल 'केली' नाही, करावी लागली! १८८४ला कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला होता. मागण्या वाचा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. म्हणजे हातात पगार कधी पडत असेल, करा विचार. जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार हवा, हेही त्यात होतं. सूर्यास्तापर्यंत राबायला माणसं राजी होती, तरी मालकांना सहा वर्षं लागली.

काळाचौकीकर : मग श्रेय लोखंड्यांना द्या, कायद्याला कशाला? पुरुषांना १२ तासांची मर्यादा मिळाली थेट १९११ला. मधल्या काळात विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचीही आडकाठी उरली नाही.

साधा वाचक : तुमचं दोघांचं सरकार-मालक चालू द्या. साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात, पगार बरा, पण तिथे महार कामगाराला मज्जाव. का, तर कांडी (सुताची गुंडाळी) बदलताना मागाच्या धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे. विटाळ होईल म्हणे. ही बंदी बरोबरच्या साचेवाल्यांचीच. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.

काळाचौकीकर : खरं आहे, पण धागा १८८१च्या कायद्यावर आहे.

साधा वाचक : तेच म्हणतोय. तुमच्या 'मजुरां'त कोण कोण धरलंय, ते आधी सांगा.