गच्चीवर स्पीकरचा आवाज तुटतो, आणि मळ्यावर न्यायला कोणता घ्यावा?

गच्चीवरचा_गडी:
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याकडे रो हाऊसमध्ये राहतो, खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम आणि त्याच्यावर गच्ची. मागच्या दिवाळीला एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घेतला, डब्यावर १६ वॅट लिहिलंय. हॉलमध्ये एकदम मस्त वाजतो, पण मोबाईल खाली चार्जिंगला लावून स्पीकर वर गच्चीवर नेला की गाणं तुकड्यातुकड्यानं येतं. जिन्याच्या वळणापर्यंत ठीक असतं, तिथून चार पायऱ्या वर गेलं की खल्लास. डब्यावर दहा मीटर रेंज लिहिलीये, मी टेपनं मोजलं तर सरळ अंतर सात मीटर पण भरत नाही.

दुसरं म्हणजे आई सकाळी किचनमध्ये हरिपाठ लावते, स्पीकर मायक्रोवेव्हच्या डोक्यावर ठेवलेला असतो, आणि रोज पावणेआठच्या आसपास दोन मिनिटं अडखळतो नि मग आपोआप नीट होतो. दुकानात दाखवला तर तिथं तासभर निमूट वाजला. आई म्हणते नजर लागली.

आणि तिसरं, म्हणजे खरा प्रश्न. सासऱ्यांची गिरणाऱ्याकडे द्राक्षबाग आहे, थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) बायका येतात, तर मेव्हण्याचं म्हणणं की तिथं गाणी पाहिजेत. मी हाच स्पीकर नेऊन शेडमध्ये ठेवून बघितला, फुल आवाज केला तरी चार ओळी सोडून काही कळेना, आणि घरी हाच निम्म्यावर ठेवला तरी बायको ओरडते. बजेट आठ-दहा हजार. ८० वॅटवाला एक बघून ठेवलाय. घर, गच्ची, मळा तिन्हीकडे एकच चालेल का?

सोल्डर_सातपूर:
भाऊ आधी आईंची नजर काढतो. पावणेआठला तुमच्याकडे कोणीतरी मायक्रोवेव्हमध्ये दूध नाहीतर डबा गरम करतंय, बघा बरं. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणि मायक्रोवेव्ह पण जवळपास तिथंच, २.४५ ला. ओव्हन कितीही चांगला असला तरी थोडं बाहेर गळतंच, माणसाला त्याचा त्रास नाही पण स्पीकरचा अँटेना त्याच्यावरच बसलेला असेल तर त्याला मोबाईलचं कसं ऐकू येणार. ब्लूटूथ एका चॅनेलवरून दुसऱ्यावर सारख्या उड्या मारत असतं, सेकंदाला १६०० वेळा, म्हणून पूर्ण बंद न पडता अडखळतं. दुकानात ओव्हन नव्हता म्हणून तिथं शहाण्यासारखा वाजला. स्पीकर उचलून फ्रीजच्या पलीकडे ठेवा, मोबाईल त्याच्याजवळ. खर्च शून्य.

गच्चीचं पण कोडं नाही. ते दहा मीटर म्हणजे मोकळ्यात, मध्ये काही नसताना. तुमच्या मध्ये दोन स्लॅब आहेत, आणि स्लॅब म्हणजे नुसतं काँक्रीट नाही, आत लोखंडी सळयांची जाळी असते. जिना मोकळा म्हणून वळणापर्यंत सिग्नल जिन्यातून वर येतो, पुढं त्याला वाटच नाही. आणि एक विचारतो, स्पीकर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवता का? पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं. माणूस पण बहुतेक पाणीच, त्यामुळे मोबाईल मागच्या खिशात आणि स्पीकर तोंडासमोर असला तरी काही स्पीकर खोकतात. मोबाईल गच्चीवर न्या, विषय संपला. घरात जुना मोबाईल पडलेला असेल तर सिम काढून तोच स्पीकरचा करून टाका, वायफाय वरपर्यंत येत नसेल तर गाणी आधी डाऊनलोड करायची.

आणि वॅटच्या मागं लागू नका हो. १६ चे ८० केले म्हणजे पाचपट झाले ना, पण डेसिबलमध्ये, म्हणजे आवाजाच्या मापात, फक्त ७ वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. म्हणजे पाचपट वॅट घेऊन दुप्पट पण वाटणार नाही. त्यात तो ८० खरा आरएमएस (सलग देता येणारी ताकद) आहे की डब्यावरचा पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) हे पण बघा, पीएमपीओ म्हणजे कागदावरचं लग्न.

मखमलाबादकर:
मळ्याचं मी सांगतो कारण हा उद्योग मी करून बसलोय. तीन वर्षांपूर्वी चाकं असलेला मोठा ट्रॉली स्पीकर आणला, घरातले म्हणाले वरात काढायची का. शेडच्या तोंडाशी ठेवला आणि फुल सोडला. शेडजवळच्या दोन ओळीतल्या बायकांच्या कानठळ्या, आणि पलीकडच्या टोकाला नुसतं ढुपढुप, शब्द एक कळत नाही. खोलीत भिंती आणि छत आवाज परत फेकतात म्हणून छोटा स्पीकर पण भरल्यासारखा वाटतो, बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. एक मीटरवर जे ऐकू येतं त्यातनं सोळा मीटरवर २४ गेले. आता वर सोल्डरभाऊंनी सांगितलेले तुमचे ७ त्याच्यापुढं लावा.

मग मी शहाणपणा करून दुसरा स्पीकर घेतला, सेम मॉडेल, दोन्ही जोडले की स्टीरिओ होतात ना तसला. एक बागेच्या या टोकाला, एक त्या. झालं काय की मध्ये उभं राहिलं की ठीक, पण एकाच्या जवळ गेलं की दुसऱ्याचा आवाज मागून येतो, सगळं गाणं दोनदा. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ३४ मीटरला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि तेवढा कानाला लगेच कळतो. शिवाय ते दोन स्पीकर एकमेकांपासून जरा लांब गेले की जोडी तुटायची, मध्ये वेलींची हिरवी भिंत.

आता गंमत ऐका. चौथ्या दिवशी कामाच्या मावशी म्हणाल्या, "भाऊ जरा बारीक करा, आमच्या गप्पाच आम्हाला ऐकू येईनात." मग ट्रॉली घरी आणली, ती आता गणपतीत निघते. आणि एक तळहाताएवढा, मागं लूप असलेला स्पीकर घेतला, तो मांडवाच्या तारेला एस हुकनं अडकवतो, बायका जिथं काम करतायत तिथनं दोन झाडं पुढं. त्या पुढं सरकल्या की त्यांच्यातलीच कोणीतरी तो उचलून पुढच्या झाडाला लावते, मोबाईल पण तिच्याच पिशवीत. चौदाशे रुपयात काम झालं. तुमचा १६ वॅटवाला तर याच्यापेक्षा मोठा आहे, तो शेडमध्ये का ठेवताय तेच कळंना.

फवारणीच्या दिवशी मात्र घरी ठेवायचा. माझ्या पहिल्या स्पीकरची जाळी बोर्डोच्या फवाऱ्यानं निळीहिरवी होऊन कडक झाली, आवाज घशात अडकल्यासारखा. आयपी ६७ होता बरं का. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ती टेस्ट साध्या पाण्यातली, चुना नि मोरचूद कालवलेल्या पाण्यातली नाही. आणि चार्जिंगच्या भोकाचं रबर नीट दाबलेलं पाहिजे, ओला असताना चार्जिंगला लावायचा नाही. दुकानदाराचं वॉटरप्रूफ ऐकू नका, आकडा बघा. नुसता आयपीएक्स४ असेल तर शिंतोड्यापुरता, पावसात सोडून द्यायचा नाही.

गंगापूररोडची_काकू:
मला वॅट-बिट कळत नाही पण गच्चीवरच्यांना एक विनंती. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाढदिवस असला की गच्चीवर स्पीकर, साडेअकरापर्यंत. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे १० ते ६. दहाच्या पुढं उघड्यावर लावायचाच नाही. सगळ्यांना हे फक्त दुसऱ्याच्या लग्नात आठवतं. गच्चीवरचा आवाज समोरच्याच्या बेडरूममध्ये सरळ शिरतो, मध्ये भिंत नसते ना, वरचे दोघं बाहेर आवाज टिकत नाही म्हणतायत पण माझ्या खिडकीत बरोबर टिकतो.

दुसरं, आमच्या ह्यांच्या स्पीकरची गोष्ट. एकादशीला घरी भजनी मंडळ होतं, मध्ये चहाला थांबले, ह्यांनी मोबाईलवरून तंबोऱ्याचा सूर लावला होता तो बंद केला. पाच मिनिटांनी स्पीकरमधून अचानक डीजेचं गाणं सुरू, सगळी म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघतायत. खालच्या मजल्यावरचा पोरगा, त्याच्याकडे पण तोच स्पीकर, यादीत एकाच नावाचे दोन दिसले आणि त्यानं आमचा जोडला. त्याला बिचाऱ्याला कळेना आपला का वाजत नाही, म्हणून आवाज अजून वाढवतोय. तेव्हापासून ॲपमध्ये जाऊन आमच्या स्पीकरचं नाव बदललं आणि काम झालं की बटणानं बंद करतो, नुसतं गाणं थांबवून ठेवत नाही.

उंटवाडी_वायफाय:
घरासाठी ब्लूटूथ सोडा आणि वायफाय स्पीकर घ्या असं माझं मत. गाणं तो स्वतः नेटवरून घेतो, त्यामुळे मोबाईल घेऊन बाहेर गेलात तरी हरिपाठ चालू राहतो, आणि मधेच फोन आला तर रिंग आणि बोलणं अख्ख्या घराला ऐकू जात नाही. आमच्याकडे मावशीनं स्थळाबद्दल जे काही सांगितलं ते मुलाकडच्या पाहुण्यांनी हॉलमध्ये बसून ऐकलं, अजून तो विषय निघतो.

सोल्डर_सातपूर:
घरी ठीक, पण असल्या बऱ्याच स्पीकरना बॅटरी नसते, लाईट गेली की स्पीकर पण गेला आणि राऊटर पण. आणि मळ्यात वायफाय कुठनं आणणार. स्लॅबचा प्रश्न वायफायला पण आहेच, ५ गिगाहर्ट्झवाला तर २.४ पेक्षा लवकर दमतो. स्थळाच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक, मोबाईलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावासमोर जाऊन कॉलचं बंद करता येतं, फक्त मीडिया चालू ठेवायचा, एवढं आईंच्या मोबाईलमध्ये करून द्या.

गच्चीवरचा_गडी:
मंडळी रिपोर्ट देतो. पावणेआठला मायक्रोवेव्हमध्ये पप्पा दूध गरम करतात, रोज, दोन मिनिटं. आज मी आईसमोर मुद्दाम कपभर पाणी ठेवून ओव्हन चालू केला, हरिपाठ लगेच अडखळला, बंद केला की नीट. आईनं आधी माझ्याकडे आणि मग पप्पांकडे असं बघितलं की पप्पा म्हणाले उद्यापासून गॅसवर करतो. स्पीकर आता धान्याच्या डब्याच्या बाजूला आहे.

गच्चीवर बायकोचा जुना मोबाईल नेला, एकदा पण तुटला नाही. आणि हो, स्पीकर टाकीमागंच ठेवत होतो, ऊन लागू नये म्हणून. काकू, आमच्याकडे साडेनऊला बंद, शब्द देतो.

८० वॅटवाला कार्टमधून काढला. रविवारी गिरणाऱ्याला जाऊन तारेला अडकवून बघतो, फक्त माझ्या स्पीकरला मागं लूप नाहीये.

मखमलाबादकर:
कांद्याची जाळीची पिशवी असते ना, त्यात घालून अडकवा. आवाज अडत नाही. पिशवीचं तोंड मात्र सुतळीनं बांधा, माझा एकदा खालच्या ड्रिपच्या खड्ड्यात पडलाय.