प्रतिसाद: जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण परत परत का येतो

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या मेणाने झाकलेली रस शोषणारी बारीक कीड, पडली आहे आणि साबणाचं पाणी तीनदा मारूनही आठवड्याभरात पांढरा कापूस परत दिसतो, अशी इथे एकाची तक्रार आहे. फवारणी वाया गेलेली नाही, पण कापसासारख्या पिशवीतल्या अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही. आठ-दहा दिवसांत त्यातून नवी पिल्लं निघतात. त्यांच्या अंगावर मेणाचा थर नसतो, मारायची वेळ तीच.

आधी जास्त लागण झालेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका. कुंडीशेजारी ठेवलेत तर पिल्लं चालत परत येतील. मग पाण्याच्या जोरदार धारेने पेरं आणि पानांची मागची बाजू धुवा. १ लिटर कोमट पाण्यात आधी २ मिली पातळ साबण, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल घालून दुधाळ होईपर्यंत ढवळा. तेल वर तरंगत राहिलं तर पानं करपतात. संध्याकाळीच फवारा, दर ७ दिवसांनी, किमान ४ वेळा.

आणि मुंग्या! ढेकणांच्या अंगातून निघणाऱ्या चिकट गोडव्यासाठी त्या त्यांची राखण करतात, लेडीबर्डसारख्या मित्रकीटकांना हुसकावतात. कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवा, फांद्या भिंतीला टेकू देऊ नका. युरिया तूर्त बंद. कोवळी, रसाळ फूट ढेकणांना फार आवडते.