एचआयव्ही टाळायची गोळी तालुक्यालाच मिळायला पाहिजे का?

हायवेलगत, पांढरकवडा
नागपूर-हैदराबाद हायवेवर आमचं गाव. ट्रकवर गेलेले नवरे, ढाबे, धंदा करणाऱ्या बाया, सगळं इथंच. एचआयव्ही नसलेल्यानं तो होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी, म्हणजे प्रेप. जोखीम जास्त असलेल्या सगळ्यांना ती द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच सांगितलं. नेमानं घेतली तर संबंधातून लागण व्हायचा धोका सुमारे ९९ टक्के कमी होतो. तरी ओळखीच्या एका ताईनं दोन महिन्यांत सोडली. गोळीचा त्रास नव्हता, एसटीचा होता. गोळ्यांसाठी जिल्ह्याला गेलं की कापूस वेचायची एक मजुरी बुडते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, तपासणी होतेच, गोळ्याही तिथंच द्या.

वणीचा मास्तर
भाऊ, मला नाही पटत. तालुक्याच्या ओपीडीत निम्मी रांग ओळखीची. आयसीटीसीच्या दाराशी कोणी दिसलं की संध्याकाळी पानठेल्यावर बातमी. २०१७ चा एचआयव्ही कायदा दवाखान्याचं तोंड बांधतो, पानठेल्याचं नाही. लोक मुद्दाम लांब जातात.

जुनी समुपदेशक
मास्तर, त्याच दारातून गरोदर बायाही जातात, त्यांचीही एचआयव्ही तपासणी होते. दारापेक्षा मला गोळ्यांच्या डब्याची भीती वाटते. प्रेपमधलं टेनोफोविर हे औषध एचआयव्ही झालेल्यांच्या उपचारातही असतं. घरात डबा सापडला की सासू म्हणते, हिला रोग आहे. मग गोळ्या धान्याच्या कोठीत लपतात, चुकतात, सुटतात. साध्या पाकिटात द्या.
पण भाऊ, दर तीन महिन्यांची एचआयव्ही तपासणी सोडू नका. नकळत लागण झाली आणि प्रेपच चालू राहिली, तर विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. किडनीवरही लक्ष हवं.

वणीचा मास्तर
पाकिटाचं मान्य. दाराचं नाही. गरोदर बाईला कोणी विचारत नाही, एकट्या पोराला विचारतात. त्यापेक्षा एचआयव्ही टाळायला सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर इंजेक्शन आणा. २०२५ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचीही शिफारस केली. ना डबा, ना रोजची आठवण.

हायवेलगत, पांढरकवडा
यावं, मलाही पाहिजे. पण त्या इंजेक्शनसाठीही जिल्ह्यालाच जावं लागलं तर? पोराचं तुमचं म्हणणं खरं आहे, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ज्याला लांब जायचं त्याला जिल्हा राहू द्या. त्या ताईसाठी मात्र बाजाराच्या दिवशी दुपारनंतर आयसीटीसी उघडी ठेवा. त्या दिवशी ती तशीही तालुक्याला येते, आणि पिशवी घेऊन आलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही.