सल्ला हवा: पिकअप सुरू होते, तापली की बंद पडते, मग लगेच पेटत नाही

मालवाहू:
डिझेल पिकअप आहे, कॉमन रेल इंजिन (पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, जास्त दाबाने डिझेल भरतो, तिथून ते इंजेक्टरना जातं). थंड असताना अर्ध्या सेल्फवर सुरू होते. इंजिन नीट तापलं की चालता चालता बंद. मग सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं, पण पेट घेत नाही. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की काही झालंच नव्हतं अशी सुरू. डिझेल फिल्टर बदललाय, बॅटरी नवीन आहे. मिस्त्री म्हणतात हाय प्रेशर पंप गेला, उतरवावा लागेल. रेलला प्रेशर येत नाही असं त्यांनी स्कॅनरवर दाखवलंही. होकार देण्याआधी काय काय तपासून घेऊ?

तेलकट_हात:
पंपाला इतक्यात हात लावू देऊ नका. बंद कशी पडते ते सांगा. दिवा विझवावा तशी एका क्षणात, की आधी ओढ कमी होते, गचके देते, मग थांबते? एका झटक्यात गेली तर संशय विजेवर: सेन्सर, रिले, वायर, अर्थिंग. अडखळत गेली तर डिझेल पोचत नसणार किंवा लाइन हवा घेत असणार. अपवाद असतात, पण सुरुवात इथूनच करायची.

झाकणवाला:
बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडून बघा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीचा व्हेंट (हवा आत यायचं भोक) तुंबलाय. फुकटची तपासणी आहे, करून टाका.

झटपट:
इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारा ना भाऊ. पेटली तर डिझेलचा प्रॉब्लेम, नाही पेटली तर दुसरा काही. एका मिनिटात निकाल.

तेलकट_हात:
@झटपट, डिझेलवर हा प्रयोग कोणाला सांगू नका. हीटर प्लग किंवा इनटेकचा हीटर तापलेला असेल तर भडका नको तिथे आणि नको त्या वेळी होतो. पिस्टन, रॉड जायची भीती. शिवाय आपला हातही तिथेच असतो.

मालवाहू:
एका क्षणात बंद पडते, गचके अजिबात नाहीत. झाकण उघडून बघितलं, फुस्स नाही, फरकही नाही. एक गोष्ट आता लक्षात आली: गाडी गिअरमध्ये असते, चाकं फिरत असतात, तरी बंद पडताक्षणी आरपीएमचा काटा एकदम शून्यावर येतो.

मल्टीमीटर:
ही शेवटची ओळ सगळ्यात कामाची आहे. क्लच दाबलेला नसेल तर गाडी गिअरमध्ये घरंगळताना चाकं इंजिनाला फिरवतच असतात. म्हणजे काटा हळूहळू उतरायला हवा. तो एकदम पडला, याचा अर्थ इंजिन फिरतंय पण ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) ते कळत नाहीये. ईसीयूचा सप्लाय तुटला तरी असंच होईल, त्यामुळे मेन रिले बघून घ्या. तो ठीक असेल तर क्रँक सेन्सर. फ्लायव्हीलच्या किंवा पुलीच्या दात्यांवरून क्रँक कुठे आहे ते हा सेन्सर सांगतो. त्याच्या आतली गुंडाळी तापल्यावर प्रसरण पावते, बारीक तुटलेली तार सुटते आणि थंड झाल्यावर परत जुळते. सिग्नल नाही तर ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही.

आता पंपाचं. बऱ्याच गाड्यांत इंजिन फिरतंय हे कळल्याशिवाय ईसीयू प्रेशर चढवायचा हुकूमच देत नाही. म्हणून आरपीएम शून्य दिसत असताना रेल प्रेशर कमी आहे म्हणून पंपाला दोष देता येत नाही. मिस्त्रींनी बघितलेला आकडा खरा असेल, निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

तपासणी गाडी मेलेली असतानाच करायची. थंड झाल्यावर सगळं ठीकच दिसणार. स्कॅनर लावून लाइव्ह डेटा उघडा, सेल्फ मारा. आरपीएम साधारण 150 ते 250 दिसायला हवेत. तेवढे दिसले आणि रेल प्रेशर 200 बारच्या आसपासही जात नसेल, तर डिझेलकडे वळा. आरपीएम शून्य असतील तर सेन्सर किंवा त्याची वायर. नुसत्या डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका, काही गाड्यांत सेल्फ मारताना तो तसाही हलत नाही. आणि स्कॅनरवर बिघाडाचा कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष, असंही नसतं.

वळणवाट:
नोझल विसरू नका. झिजलेल्या नोझलमधून (इंजेक्टरमधून) रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, जास्त डिझेल जातं. गरम डिझेल पातळ, त्यामुळे गरम असतानाच सेल्फवर प्रेशर जमत नाही. आमच्याकडे हेच निघालं होतं.

मल्टीमीटर:
बरोबर, पण ती गाडी आपण बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. चांगल्या वेगात असताना अशी झटकन सहसा मरत नाही. आरपीएम दिसले तर रिटर्नला बाटल्या लावून मोजणं हीच पुढची पायरी.

मालवाहू:
आज बंद पडली तेव्हा स्कॅनर जवळ होता. मेन रिले ठीक, ईसीयूशी स्कॅनर बोलतोय. सेल्फ मारताना आरपीएम शून्य. दोन वायरचा सेन्सर आहे, कनेक्टर काढून मीटर लावला तर गरम असताना काहीच रीडिंग नाही. ओलं फडकं गुंडाळून ठेवलं, थोड्या वेळात मीटरवर साधारण 850 ओम आले. कनेक्टर लावला, गाडी सुरू.

तेलकट_हात:
मग मिटलं. बदलताना जुन्याच्या टोकाला लोखंडाचा भुगा चिकटलाय का बघा, बसायची जागा साफ करा, ओ-रिंगला थोडं तेल लावा आणि हातोडीने ठोकू नका. वायर एक्झॉस्टजवळून जात असेल तर क्लिपमध्ये परत नीट बसवा. सेन्सर नामांकित घ्या, स्वस्तातला नवीनही गरम झाल्यावर हाच खेळ करतो.

झटपट:
@मल्टीमीटर, तीन वायरचा सेन्सर असेल तर ओममध्येच मोजायचं का?

मल्टीमीटर:
नाही. तो बहुधा हॉल सेन्सर असतो, आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, ओम मोजून काही कळत नाही. किल्ली चालू करून सप्लाय आणि अर्थ येतोय का बघायचा, मग सेल्फ मारताना सिग्नल.

नवीचावी:
धाग्यात घुसतोय. माझी पिकअप थंड असतानाही सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद. क्रँक सेन्सरच घेऊ का?

तेलकट_हात:
थांबा, तुमचं वेगळं दिसतंय. सुरू होऊन लगेच, दर वेळी तेवढ्याच वेळाने मरत असेल तर आधी इमोबिलायझर (किल्ली ओळखली नाही तर इंजिन बंद पाडणारी चोरीविरोधी यंत्रणा). डॅशवर किल्लीचा दिवा लुकलुकतो का बघा आणि दुसऱ्या किल्लीने सुरू करून बघा. दिवा नसेल तर नवा धागा काढा, पेट्रोल की डिझेल तेही लिहा.