तीव्रता की परिमाण? (भूकंपाच्या बातमीतला शब्द)

गोदाकाठ: भूकंप, त्सुनामी आणि ज्वालामुखी का होतात यावरची शाळेसाठीची एक पुस्तिका मराठीत करते आहे. मी लिहिलं, 'किल्लारीच्या भूकंपाचे परिमाण ६.२'. तपासणाऱ्या सरांनी 'परिमाण' खोडून 'तीव्रता' केलं, पेपरात तसंच येतं म्हणून. पण पुढच्याच पानावर खरी तीव्रता येते. तिला मग काय म्हणू?

सिन्नरकर: ताई, तीव्रताच ठेवा. कोयनेच्या भूकंपापासून लोक हाच शब्द वाचताहेत. परिमाण म्हटलं की मापं-वजनं आठवतात. रुळलेला शब्द काढून पोरांना कशाला गोंधळात टाकायचं?

भूगोलवाले सर: गोंधळ उलट 'तीव्रते'नेच होतो. पंचवटीत ढोलावर टिपरू पडलं तर घाव एकच, पण रामकुंडावर आवाज वेगळा आणि सातपूरला वेगळा. घावाचा जोर म्हणजे परिमाण. तुमच्या कानाशी जे पोचलं ती तीव्रता. जमिनीखालच्या भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेवर, खडक किती लांबीचा तुटला, किती सरकला यावर परिमाण ठरतं आणि ते साऱ्या जगासाठी एकच असतं. ते एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. तीव्रता मात्र गावागणिक बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. नाशकात माझी झोपसुद्धा मोडली नाही. दोन्हीकडे आकडा ६.२ च. मग त्या आकड्याला तीव्रता कसं म्हणायचं?

सिन्नरकर: सर, मुद्दा पटला. पण बातमी वाचणारा 'तीव्रता ६.२' वाचून 'मोठा भूकंप' एवढं बरोबर समजतो ना? भाषा कामापुरती असते.

भूगोलवाले सर: कामापुरतीच म्हणतो मी. आकडा लहान असूनही आपलंच घर का पडलं, हे ज्याला विचारायचंय त्याला दोन शब्द लागतात. एकात भागत नाही. धोका भूकंपाइतकाच घराच्या बांधणीत असतो, हे त्या दुसऱ्या शब्दाशिवाय सांगताच येत नाही.

त्र्यंबकरोड: काही पुस्तकांत 'महत्ता' आहे. मला तो अजिबात नको. महत्ता म्हणजे थोरवी. ज्यात हजारो माणसं गेली त्याला महत्ता म्हणायला जीभ रेटत नाही. आणि 'सहा रिश्टरचा धक्का' हेही थांबवा. रिश्टर काही किलोसारखं एकक नाही. रिश्टरसाहेबांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियासाठी मोजपट्टी केली. मोठ्या भूकंपांना आता वेगळी पद्धत वापरतात, नाव मात्र चिकटून राहिलं.

मखमलाबाद: मोजपट्टी राहू द्या, 'त्सुनामी'चं काय करणार? सुनामी, त्सुनामी, दोन्ही छापतात. मराठीत 'बंदरलाट' का नाही? जपानी अर्थ तोच आहे: त्सु म्हणजे बंदर, नामी म्हणजे लाट.

त्र्यंबकरोड: २६ डिसेंबर २००४ नंतर हा शब्द पाटीवाल्या मावशींनाही माहीत झाला. आता बंदरलाट कोण म्हणेल? आणि जपानी कोळ्यांनी नाव अचूक ठेवलंय. खोल समुद्रात ही लाट जेमतेम हात-दोन हात उंच असते, होडीला कळतही नाही. समुद्राचा तळ वर किंवा खाली सरकला की पाण्याचा अख्खा स्तंभ हलतो, त्यातून उठलेली लाट विमानाच्या वेगाने पळते आणि उथळ किनाऱ्याशी येऊन उंच होते. बंदरात परतावं तर बंदरच नाही. फक्त 'भरतीची लाट' म्हणू नका, चंद्राचा तिच्याशी काही संबंध नाही.

सिन्नरकर: सुमात्राजवळ तळ सरकला होता, पण १८८३ मध्ये क्राकाटोआच्या ज्वालामुखीनेही लाट आणली. म्हणजे 'भूकंपलाट'ही बाद.

मखमलाबाद: 'ज्वालामुखी' तरी कुठे नेमका आहे? कांगड्याच्या ज्वालामुखी देवीच्या देवळात जमिनीतून येणारा वायू जळतो, तिथे ना लाव्हा ना शिलारस. माझ्या मते नाव आधी देवीचं, मग डोंगराला चिकटलं. आणि आपल्या सह्याद्रीला मुखही नव्हतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. अंजनेरीला, ब्रह्मगिरीला लांबून पायऱ्या दिसतात त्या ह्याच. ह्या थरांच्या 'डेक्कन ट्रॅप' या नावातला ट्रॅप म्हणजे स्वीडिश पायरी.

दिंडोरीचा शेतकरी: हे थर आम्हाला विहीर खणताना भेटतात. वर मुरूम, मग मांजऱ्या. त्यात बारीक भोकं असतात, भोकांत पांढरे खडे चमकतात. त्याखाली काळा कातळ, तिथे सुरुंगच लागतो. माझ्या विहिरीत दोन कातळांच्या मधे हातभर लाल माती लागली. खणणारे म्हणाले, भाजलेली माती आहे.

भूगोलवाले सर: बरोबर म्हणाले. एका उद्रेकानंतर बराच काळ शांत गेला, तेव्हा खडक झिजून माती झाली. मग वरून पुन्हा लाव्हा आला. भोकं म्हणजे निसटलेल्या वायूचे बुडबुडे. दादा, 'मांजऱ्या' हा शब्द पुस्तिकेत यायलाच हवा. त्या लाल थराला तुमच्याकडे वेगळं नाव आहे का?

दिंडोरीचा शेतकरी: आम्ही गेरूच म्हणतो. पेठकडचे काही वेगळं म्हणतात, विचारून सांगतो.

गोदाकाठ: मांजऱ्या घेतला, दादा. परिमाणाचं काय करू ते सांगा, शुक्रवारी पानं छपाईला जायची आहेत.

सिन्नरकर: तीव्रता.

त्र्यंबकरोड: परिमाण. महत्ता चुकूनही नको.