टेरा सिगिलाटाची चकाकी आणि साच्याचा प्रश्न

टेरा सिगिलाटा, म्हणजे चकचकीत लाल रोमन भांडी, यांच्या प्रतिकृतीसाठी बाजारातले लाल ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा थर) पुरेसे आहे, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे; नक्षीदार वाडग्यासाठी संग्रहालयातील मूळ वाडग्यावरूनच साचा काढावा, अशीही सूचना झाली आहे. मला दोन्ही मान्य नाहीत. इटलीतील अरेत्सो किंवा दक्षिण गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) ला ग्रोफसेंक येथे घडवलेल्या टेरा सिगिलाटावर ग्लेझ नसतेच (पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूच्या उत्खननात मिळालेले तुकडे अरेत्सोच्याच जातीचे मानले गेले). माती पाण्यात कालवून, जड कण तळाशी बसू देऊन, वर तरंगत राहिलेल्या अतिसूक्ष्म कणांचा पातळ लेप सुकलेल्या भांड्याला देत आणि धूर-ज्वाळा भांड्यांपर्यंत पोहोचू न देता साधारण १००० अंश सेल्सियसला भाजत. तेव्हा लेपातील लोहामुळे तो लाल रंग येई.

नक्षीदार वाडग्यांचा साचाही भाजलेल्या मातीचाच असे, आतून ठशांनी नक्षी उमटवलेला, आणि सुकताना आकसलेला वाडगा त्यातून सहज सुटे. हेच आकसणे लक्षात घेतले तर मूळ वाडग्यावरून थेट साचा काढण्याची ती सूचनाही (परवानगीचा प्रश्न निराळाच) टिकत नाही, कारण तशी प्रतिकृती मुळापेक्षा लहान भरते. ठसे थोडे मोठे, नव्याने कोरणे वेळखाऊ असले तरी मला तोच मार्ग योग्य वाटतो.